नॅसकारचा चाहता का दुरावला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटच्या उत्तरेला, कॉन्कर्डच्या नॅसकार ट्रॅकपासून काही मैलांवर मी १९ वर्षं राहतो. मे महिन्यात खिडक्या बंद असल्या तरी इंजिनांचा आवाज घरात येतो. भारतातून आलेले पाहुणे, गणपतीला भेटणारे नवे लोक, इथेच वाढलेली आपली मुलं, सगळे तेच ते प्रश्न विचारतात. नॅसकार म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यती. हा खेळ इतका गाजायचा म्हणे, मग स्टँड रिकामे का दिसतात? नुसत्या गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांत होतं तरी काय? दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

स्टॉक कार म्हणजे नेमकी कुठली गाडी?

'स्टॉक' म्हणजे दुकानात विकायला ठेवलेली, जशीच्या तशी. फॉर्म्युला वनची गाडी मुळापासून शर्यतीसाठीच बनते. स्टॉक कार मात्र तुमच्या-माझ्या अंगणात उभी असते तीच, अशी मूळ कल्पना. डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बिल फ्रान्स यांनी शर्यती भरवणाऱ्यांना आणि ड्रायव्हरांना एकत्र बसवलं आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकारची रीतसर नोंदणी झाली. पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत १९ जून १९४९ला शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर झाली. ग्लेन डनवे पहिला आला, पण तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या सापडल्या. चोरटी दारू वाहणारे लोक मागचा भार पेलावा म्हणून तेच करायचे. डनवे बाद झाला आणि कॅन्ससहून आलेला जिम रोपर विजेता ठरला.

पहिल्याच दिवशी नियम, हातचलाखी आणि निकालाचा वाद असं सगळं हजर होतं. तरीही लोक पुन्हा आले, कारण गाडी ओळखीची होती आणि चालवणारा आपल्यातलाच वाटत होता.

उत्साह खरंच कमी झालाय, की म्हातारे लोक उगाच कुरकुरतात?

कमी झालाय. फ्लोरिडातली डेटोना ५०० ही नॅसकारची सर्वांत मोठी शर्यत. २००६ची टीव्हीवर १ कोटी ९० लाखांहून जास्त लोकांनी पाहिली. २०२५ची पाहणारे साधारण ६७ लाख होते. त्या दिवशी पावसाने बराच खोळंबा केला आणि सगळ्याच टीव्हीचा प्रेक्षक या काळात विखुरला, हे धरूनसुद्धा घसरण मोठी आहे.

मला टीव्हीच्या आकड्यांपेक्षा खुर्च्या जास्त बोलक्या वाटतात. टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकभोवती सुमारे १ लाख ६० हजार लोक बसायचे. १९८२पासून तिथल्या सलग ५५ शर्यतींची तिकिटं संपली होती. तिकिटासाठी प्रतीक्षायादी असायची आणि घराण्यातल्या दागिन्यासारखी बापाची जागा मुलाकडे जायची. मार्च २०१०मध्ये ती साखळी तुटली. डेटोनाने ४० कोटी डॉलर खर्चून स्टँड नवे केले, तेव्हा २०१६मध्ये खुर्च्या उरल्या १ लाख १ हजार ५००, म्हणजे आधीपेक्षा हजारोंनी कमी. रिचमंड आणि शार्लटनेही खुर्च्या उखडल्या. रिकामी खुर्ची टीव्हीवर दिसू नये, हाही त्यातला हेतू होता.

मुळात लोक एवढे वेडे कशामुळे झाले होते?

१८ फेब्रुवारी १९७९ ही तारीख इथे सगळ्यांना पाठ आहे. डेटोना ५०० पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवली जात होती आणि पूर्वेकडच्या राज्यांत हिमवादळामुळे लोक घरात अडकले होते. शेवटच्या फेरीत पुढे असलेले केल यारबरो आणि डॉनी अ‍ॅलिसन एकमेकांना धडकून आतल्या गवतात गेले. मागून येणारा रिचर्ड पेटी जिंकला. डॉनीचा भाऊ बॉबी गाडी थांबवून उतरला आणि हेल्मेटं, मुठी, लाथा, सगळं देशाने पाहिलं. दक्षिणेचा म्हणून समजला जाणारा खेळ त्या दिवसानंतर साऱ्या अमेरिकेचा होऊ लागला.

पण टीव्ही नंतरचा. त्याआधी होतं गाव. डार्लिंग्टन, मार्टिन्सव्हिल, नॉर्थ विल्क्सबरो, रॉकिंगहॅम ही कापडगिरण्यांची, फर्निचरच्या कारखान्यांची, तंबाखूच्या शेतांची गावं. रविवारी सकाळी चर्च आणि दुपारी शर्यत. घरात फोर्ड असेल तर फोर्डचा माणूस, शेवरले असेल तर शेवरलेचा. 'रविवारी जिंका, सोमवारी विका' हे कंपन्यांचं सूत्र होतं आणि ते खरंच चालायचं. पेटीने २०० शर्यती आणि ७ अजिंक्यपदं जिंकली, पण सही मागणाऱ्याला तो कधी घाईत परत पाठवत नसे. लोक आजही त्याच्या विजयांच्या आधी हेच सांगतात.

डेल अर्नहार्ट गेला आणि खेळ संपला, हे खरं का?

नाही. २००१च्या डेटोना ५००च्या शेवटच्या फेरीत हा लाडका ड्रायव्हर अपघातात गेला. तारीख पुन्हा १८ फेब्रुवारी. पण प्रेक्षकसंख्येचा कळस त्यानंतर चार-पाच वर्षांनी आला. त्याच्या मृत्यूनंतर मानेला आधार देणारी चौकट सक्तीची झाली, भिंतींना धक्का शोषणारी कुंपणं लागली, आणि तेव्हापासून कप या नॅसकारच्या सर्वांत वरच्या मालिकेत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. ही फार मोठी कमाई आहे. त्याची ३ नंबरची काळी गाडी गेल्याने अनेकांच्या घरातला रविवार सुना झाला, तेवढं मात्र खरं.

मग चाहत्यांच्या मनातून नेमकं काय उतरलं?

माझ्या मते सर्वांत जास्त दुखावलं ते अजिंक्यपद ठरवण्याच्या पद्धतीने.

पूर्वी हिशेब सरळ होता. वर्षभराच्या सगळ्या शर्यतींचे गुण मोजा, ज्याचे जास्त तो विजेता. २००३मध्ये मॅट केन्सेथ फक्त एक शर्यत जिंकून अजिंक्य ठरला, तर ८ शर्यती जिंकलेला रायन न्यूमन मागे राहिला. नॅसकारला हे कंटाळवाणं वाटलं. २००४पासून 'चेस' आला. २६ शर्यतींनंतर वरच्या १० जणांचे गुण जवळजवळ आणायचे आणि शेवटच्या १० शर्यतींत निकाल लावायचा. २००७मध्ये २६ शर्यतींनंतर जेफ गॉर्डनची आघाडी भलीमोठी होती, ती पुसली गेली आणि पद जिमी जॉन्सनला मिळालं. जॉन्सनने १० शर्यती जिंकल्या होत्या, त्याला उणं कोण म्हणणार? पण गॉर्डनच्या माणसांच्या मनात राहून गेलं ते गेलंच.

खरा तडा २०१४मध्ये पडला. १६ जण, दर तीन शर्यतींनंतर चौघे बाद, आणि शेवटच्या शर्यतीत उरलेल्या चौघांपैकी जो पुढे येईल तो अजिंक्य. ३६ शर्यतींचं वर्ष एका दुपारवर आलं. न्यूमन त्या वर्षी एकही शर्यत न जिंकता शेवटच्या चौघांत पोचला. २०२०मध्ये केव्हिन हार्विक ९ शर्यती जिंकूनही शेवटच्या चौघांत नव्हता. २०२४मध्ये जोई लोगानो दुसऱ्या फेरीत बाद झालेला. अ‍ॅलेक्स बोमनची गाडी वजनात कमी भरल्याने अपात्र ठरली, म्हणून लोगानो परत आला आणि वर्षाचा अजिंक्यवीर झाला. त्याने चूक काहीच केली नाही, नियमात होतं तेवढंच घेतलं. पण सरासरीने १७व्या क्रमांकाच्या आसपास येणारा माणूस वर्षातला सर्वोत्तम कसा, हे शेजारच्या लहान मुलाला मला पटवून देता आलं नाही.

आणि मग २ नोव्हेंबर २०२५, फिनिक्स. डेनी हॅमलिन, ६० विजय नावावर, अजिंक्यपद एकही नाही. त्या दिवशी २०८ फेऱ्या तोच पुढे होता. तीन फेऱ्या उरल्या असताना विल्यम बायरनचा टायर गेला, गाडी भिंतीला लागली आणि पिवळा झेंडा पडला, म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करून एकत्र यायचं. सगळे टायर बदलायला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर आले. हॅमलिनने चार टायर घेतले, काइल लार्सनने दोनच घेऊन वेळ वाचवला. लार्सन तिसरा आला, पण चौघांत पुढे होता म्हणून अजिंक्य ठरला. त्या शर्यतीत तो एकही फेरी पुढे नव्हता. आमच्या बैठकीच्या खोलीत लार्सनचे चाहते होते, तेही उठून नाचले नाहीत.

आयपीएललाही प्लेऑफ असतात. मग इथेच काय बिघडलं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त आवडतो, कारण आपल्याला तो लगेच सुचतो. क्रिकेटच्या बाद फेरीत दोनच संघ समोरासमोर असतात. तिसऱ्या संघाचा गोलंदाज मधेच येऊन चेंडू टाकत नाही. इथे मात्र २०२५पर्यंत पदासाठी चौघे झगडत असताना त्याच ट्रॅकवर आणखी तीसबत्तीस गाड्या धावत असायच्या. त्यांतल्या कुणाचाही टायर फुटला तर चौघांचं नशीब पालटायचं. शिवाय ते बाकीचे एकाच कंपनीच्या किंवा एकाच मालकाच्या गाडीत बसलेले असू शकतात. तिथून संशयाला वाट मिळते.

संशय कशाचा?

निकाल ट्रॅकवर घडतो की कुणी घडवतं, याचा.

ट्रॅकवर तुकडा पडला म्हणून पिवळा झेंडा दाखवला की सगळ्या गाड्या एकत्र येतात आणि दमवून मिळवलेली आघाडी शून्य होते. कित्येकदा तो तुकडा कॅमेऱ्याला सापडायचाच नाही. शर्यत चुरशीची व्हावी म्हणून झेंडा पडला, असं लोक उघड म्हणू लागले. २०१७पासून शर्यतीचे तीन टप्पे झाले आणि पहिल्या दोन टप्प्यांच्या शेवटी पिवळा झेंडा ठरलेलाच. संशय संपला, पण आता आघाडी वेळापत्रकानुसार पुसली जाते.

२०१३ची रिचमंडची रात्र इथले लोक विसरले नाहीत. चेसमध्ये कोण जाणार हे ठरवणारी शर्यत, सात फेऱ्या बाकी, आणि क्लिंट बॉयरची गाडी गिरकी घेऊन उलटी फिरली. त्याचा फायदा त्याच्याच संघातल्या मार्टिन ट्रूएक्सला झाला. गिरकी मुद्दाम होती हे नॅसकारला सिद्ध करता आलं नाही, पण रेडिओवरचं संघाचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं. संघाला ३ लाख डॉलर दंड झाला, ट्रूएक्सला चेसमधून काढलं, न्यूमनला घेतलं, आणि गॉर्डनसाठी तेरावी जागा निर्माण केली. नोव्हेंबर २०२४ला मार्टिन्सव्हिलमध्ये शेवटच्या फेऱ्यांत काही गाड्या आपल्याच कंपनीच्या ड्रायव्हरला सांभाळत असल्यासारख्या धावल्या, तेव्हा पुन्हा तीन संघांना दंड आणि निलंबनं झाली.

आपटलेली गाडी, भांडण, कडवा पराभव, हे सगळं चाहता पचवतो. आपल्याला फसवलं जातंय ही शंका मात्र त्याला घरी बसवते.

गाडीत काय बदललं?

जवळजवळ सगळं. १९६९-७०मध्ये डॉजची चार्जर डेटोना आणि प्लिमथची सुपरबर्ड ट्रॅकवर आली, तेव्हा नियमामुळे कंपन्यांना तशाच गाड्या लोकांनाही विकाव्या लागल्या. उंच पंखाची ती विचित्र गाडी शोरूममध्ये उभी होती! आज टोयोटाची कॅमरी धावते, पण अमेरिकेत दुकानात मिळणारी कॅमरी चार सिलिंडरची हायब्रिड आहे आणि ट्रॅकवरच्या गाडीत मोठं व्ही-८ इंजिन आहे. शेवरलेने कॅमेरोचं उत्पादन थांबवलं, तरी ट्रॅकवर कॅमेरोच पळते. विकत घेता न येणाऱ्या गाडीवर 'सोमवारी विका' कसं म्हणायचं?

पहिला घाव २००७चा. 'कार ऑफ टुमारो' सुरक्षिततेसाठी आणली होती आणि त्या बाबतीत ती चांगलीच होती. पण दिसायला बोजड, मागे पंख, सगळ्या कंपन्यांची सारखीच. ब्रिस्टलची तिची पहिली शर्यत जिंकणाऱ्या काइल बुशनेच विजयानंतर तिला नावं ठेवली. २०१०मध्ये पंख गेला आणि पूर्वीसारखी पट्टी आली.

२०२२पासूनची सातव्या पिढीची गाडी वेगळी. चौकट, बॉडी, गिअरबॉक्स ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचे. चाकाला पाचऐवजी मधोमध एकच नट. खर्च आटोक्यात यावा आणि लहान संघांनाही जिंकता यावं, हा हेतू. दीड मैलाच्या ट्रॅकवर ती सुरेख धावते, हे कबूल करायलाच हवं. लहान ट्रॅकवर मात्र तिला पुढे काढता येत नाही. टायर झिजत नाहीत, ब्रेक जबरदस्त आहेत, सगळ्यांची गाडी सारखी, त्यामुळे चुकायला जागाच उरत नाही. समोरचा चुकलाच नाही तर मागच्याने काय करायचं? पूर्वी संघाच्या कारखान्यातला वेल्डर काहीतरी शोधून काढायचा आणि रविवारी त्याची गाडी दोन हात पुढे असायची. त्या माणसाचं नाव चाहत्यांना माहीत असायचं.

जुने ट्रॅक का सोडले?

पैशासाठी, मोठ्या शहरांसाठी. नॉर्थ विल्क्सबरो १९४७पासून होता. दारू वाहता वाहता ड्रायव्हर झालेल्या ज्युनियर जॉन्सनचा तो मुलूख. १९९६मध्ये मालकी बदलली आणि त्याच्या दोन तारखा टेक्सस आणि न्यू हॅम्पशरला गेल्या. २००४नंतर रॉकिंगहॅम गेलं. सर्वांत वाईट वाटलं ते डार्लिंग्टनचं. १९५०पासून सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीला तिथे सदर्न ५०० व्हायची. २००४मध्ये ती तारीख लॉस एंजेलिसजवळच्या कॅलिफोर्नियाच्या ट्रॅकला दिली. २०१५मध्ये ती डार्लिंग्टनला परत मिळाली. कॅलिफोर्नियाच्या त्या ट्रॅकवरची शेवटची शर्यत २०२३मध्ये झाली. ज्यांच्यासाठी घरची माणसं दुखावली, ते पाहुणे मुक्कामाला राहिले नाहीत.

महागाईचा वाटा किती?

मोठा. २००८च्या मंदीत ज्यांच्या नोकऱ्या गेल्या तो वर्ग आणि स्टँडमधला वर्ग एकच होता. पेट्रोल महागलं, ट्रॅकजवळच्या हॉटेलांनी शर्यतीच्या आठवड्यात दर कित्येक पट केले आणि तीन रात्रींची सक्ती लावली. त्यात फसलेले रविवार. २००८मध्ये इंडियानापोलिसला टायर टिकेनात, म्हणून दर दहा-बारा फेऱ्यांनी पिवळा झेंडा दाखवावा लागला. २०११मध्ये केंटकीच्या पहिल्या कप शर्यतीला वाहतूक इतकी तुंबली की तिकीट हातात असलेले हजारो लोक आत पोचलेच नाहीत. एकदा असं परत फिरलेलं कुटुंब पुढच्या वर्षी टीव्हीसमोर बसतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तेही नाही.

टीव्हीवर तरी सहज दिसते का?

पूर्वीपेक्षा अवघड. २०२५पासून सात वर्षांसाठी ७.७ अब्ज डॉलरचा करार आहे, पण शर्यती फॉक्स, प्राइम व्हिडिओ, टीएनटी आणि एनबीसी यांच्यात वाटलेल्या. माझे शेजारी सत्तरीचे आहेत. दर जूनमध्ये मी त्यांच्या घरी जाऊन प्राइम लावून देतो.

आवडते ड्रायव्हर निवृत्त झाले म्हणून?

काही प्रमाणात. गॉर्डन २०१५, टोनी स्टुअर्ट २०१६, डेल अर्नहार्टचा मुलगा डेल ज्युनियर २०१७, जॉन्सन २०२०. सलग १५ वर्षं सर्वांत लोकप्रिय ठरलेला ज्युनियर गेला, तेव्हा कितीतरी घरांतली टोपीही खुंटीवर गेली.

यात भारताचा काही संबंध?

आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. फॉर्म्युला वनमध्ये धावलेला नारायण कार्तिकेयन २०१०मध्ये नॅसकारच्या पिकअप ट्रकांच्या मालिकेत आला. मार्टिन्सव्हिलच्या पहिल्याच शर्यतीत १३वा आला, आणि त्या वर्षी चाहत्यांच्या मतांनी ट्रक मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर ठरला. भारतातून मतं धो धो पडली होती.

नॅसकारने काही ऐकलं का?

उशिरा, पण ऐकलं. मे २०२३मध्ये निवडक ड्रायव्हरांची ऑल-स्टार शर्यत नॉर्थ विल्क्सबरोला झाली, कप मालिका तिथे परतली. जुन्या स्टँडवरची पुसट झालेली अक्षरं तशीच ठेवली होती. मी गेलो होतो. माझ्यामागे बसलेले आजोबा पिवळा झेंडा असतानाही खाली बसले नाहीत. २०२५मध्ये रॉकिंगहॅमला ट्रक आणि दुसऱ्या फळीची मालिका आली. २०२६साठी लहान ट्रॅकवर इंजिनाची ताकद ६७०वरून ७५० अश्वशक्ती केली, आणि मुख्य म्हणजे एका दुपारचा निकाल रद्द केला. चेस परत आला. १६ जण, १० शर्यती, मधे कुणी बाद नाही, गुण साठत जाणार. अनेकांना पूर्ण ३६ शर्यतींचा हिशेब हवा होता, मलाही. तरी गेल्या बारा वर्षांपेक्षा हे न्यायाच्या कितीतरी जवळ आहे.

पहिल्यांदाच जायचं असेल तर कुठे जाऊ?

ब्रिस्टलची रात्रीची शर्यत. नसेल जमत तर मार्टिन्सव्हिल, शार्लटहून गाडीने दोनेक तास. कानात बोळे हवेतच, लहान मुलांना वरून कान झाकणारे मफसुद्धा. मऊ पिशवीतून डबा आणि पाणी नेता येतं, तेव्हा पोळीभाजी खुशाल न्या. ट्रॅकवर ड्रायव्हरांचा रेडिओ ऐकायचा स्कॅनर भाड्याने मिळतो, तो घ्याच. एकच ड्रायव्हर निवडा, त्याचा रेडिओ लावा आणि पहिल्या ५० फेऱ्या दुसरं काही पाहू नका. गाडी मागून सुटतेय, टायर तापलाय, पुढच्याला आतून घेऊ का, असं त्याचं आणि संघप्रमुखाचं बोलणं कानात चालू राहील. पन्नासाव्या फेरीला तुम्ही त्याच्यासाठी उभे असाल.